दौलतबाई, बसावं

वनमालेनं हिशेब केव्हाच मांडला होता. सूर्याजी परीक्षेत नापास झाला, तर ग्वाल्हेरातच राहणार आणि रोज संध्याकाळी दौलतला शिकवायला अंगणात येणार. पास झाला, तर इंदूर. म्हणजे त्याच्या नापास होण्यात सगळा फायदा तिचाच.

ओळख झाली ती महाराज बाड्यावर, भर चौकात. संस्थान विलीन झालं, दरबारचा कुत्रेखाना मोडला आणि तिथली दौलत नावाची शिकारी कुत्री वनमालेच्या वडिलांच्या, मुकुंदरावांच्या पदरात पडली. त्या दिवशी दौलतनं वनमालेला नया बाजारापासून फरफटत आणलं होतं. एक चप्पल मागेच राहिली होती, वेणी सुटली होती. तेवढ्यात कोणीतरी हलकेच म्हणालं,

"दौलतबाई, बसावं."

दौलत बसली. समोर एक उंच, सावळा तरुण उभा होता. हातात वनमालेची चप्पल.

"कुत्रीला अहोजाहो?" तिनं विचारलं.

"दरबारची आहे, ताई. एकेरी हाक तिला कळतच नाही."

"मला ताई नका म्हणू."

"मग... काय म्हणू?"

"सोचून सांगते."

दोन महिने झाले, तिचं सोचणं संपलं नव्हतं.

सूर्याजीचे आजोबा, वडील, दोघंही त्याच कुत्रेखान्यात होते. आता चुलते म्हणत, पडावावरच्या मोटारींच्या अड्ड्यावर कामाला लाग. तो म्हणे, कुत्री शिकवणं हा माझा हुन्नर आहे, मी त्यावरच जगेन. इंदूरच्या एका नव्या सरकारी खात्याला असा माणूस हवा होता, शिकवलेल्या कुत्र्यासकट. अट एकच – कुत्र्यानं साहेबाचंही ऐकायला हवं, आणि साहेब बोलणार हिंदीत.

"बैठ म्हणा ना तिला," वनमाला म्हणाली.

"जीभ वळत नाही."

"अन् परीक्षेत?"

तो दौलतच्या कानामागे खाजवत राहिला. "मग पडाव आहेच," म्हणाला. हसून म्हणाला, पण वनमालेला ते हसू रात्रभर सलत राहिलं.

ओसरीवरून मुकुंदराव हे सगळं ऐकत असत. दौलत त्यांच्या हाकेला ढुंकूनही बघत नसे. "दरबारात चाळीस वर्षं अहो-अहो केलं," ते म्हणत. "आता कुत्रीला नाही करणार."

दुसऱ्या दिवसापासून वनमाला पहाटे गच्चीवर जाऊ लागली. एका हातात पोळीचा तुकडा, समोर दौलत. "बैठ. रुक. आ जा." आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायला एवढ्या पोळ्या लागतात, हे तिला तेव्हा कळलं.

परीक्षेला ती वडिलांसोबत गेली. "बैठ," साहेब म्हणाला. दौलतनं सूर्याजीकडे पाहिलं, मग वनमालेकडे, आणि बसली. सूर्याजीचीही नजर दौलतच्या मागोमाग वनमालेवर जाऊन थांबली.

संध्याकाळी तो अंगणात आला. "हिला हिंदी कोणी शिकवली?"

"मला काय मालूम. बाजारात शिकली असेल."

"वनमाला... तुला माहीत होतं, पास झालो तर इंदूर."

"एकेरी?"

"साहेबांनी सवय करायला सांगितलीय."

तिला हसू आलं, आणि डोळेही भरले, म्हणून ती घराकडे वळली. तो तिच्या पाठीमागून हलकेच म्हणाला,

"थांबावं."

दौलत जागच्या जागी थांबली. वनमालाही.

"हे कुणाला?" तिनं वळून न बघता विचारलं.

"जिला कळलं, तिला."

मुकुंदराव चार महिने 'मराठ्याच्या घरी मुलगी देणार नाही' म्हणत राहिले आणि पाचव्या महिन्यात हरले. सूर्याजीला नोकरी मिळाली, खात्याला दौलत, वनमालेला सूर्याजी. आपण घाट्यात जाणार, हा तिचा अंदाज चुकला. या सगळ्याची किंमत मोजली ती ओसरीवर बसलेल्या माणसानं.

आता संध्याकाळी अंगण रिकामं असतं. फाटक वाऱ्यानं वाजलं, की मुकुंदराव मान वर करतात, आणि कोणी ऐकत नाही असं पाहून हळूच म्हणतात, "यावं."