एकशेदहा मिनिटांचं औषध

स्मरणशक्तीच्या चाचणीत दगाजी आबांना तीसपैकी तीस गुण पडले. आणि बाहेर पडताना ते दार समजून दवाखान्याच्या कपाटात शिरायला लागले.

डॉक्टर सुलभा कासार यांनी एकदा कपाटाकडे पाहिलं, एकदा कागदाकडे. "काहीतरी जुळत नाही," त्या म्हणाल्या.

हर्षालीनं आबांना हात धरून मागे वळवलं. हर्षाली आबांची नात, अकरा वर्षांची. कोड्याचं उत्तर फक्त तिच्याकडे होतं. मागच्या खेपेला आबांशेजारी बसल्यामुळे तिला सगळे प्रश्न पाठ होते. लक्षात ठेवायचे पाच शब्द आठ दिवस तिनं आबांकडून पाढ्यांसारखे घोकून घेतले होते: नांगर, मोगरा, पितळ, निळा, चिमणी. तारीख तर सकाळी तळहातावर पेनानंच लिहिली होती. कारण आत्या फोनवर म्हणाली होती, "काही निघालं, तर आबांना वृद्धांच्या संस्थेत ठेवावं लागेल."

"पूर्ण गुण असतील, तर किरणोत्सर्गी औषध (आपोआप किरण सोडत विरणारं) उगाच टोचायचं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "धीरू, परत पाठवायचं का?"

धीरू हा तिथला यंत्रमानव. त्याच्या हातात शिशाची जाड डबी होती. "घाबरू नका," तो म्हणाला. बोलायला लागण्याआधी तो हेच म्हणायचा, त्यामुळे माणसं जास्तच घाबरायची. "घाबरू नका, पण औषध कुणासाठी थांबत नाही. त्याचं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा वेळ) एकशेदहा मिनिटं आहे. नऊला तयार झालं, अकराला दहा कमी असताना निम्मं उरलं. आणखी एकशेदहा मिनिटांनी पाव. मग मेंदूचं चित्र धूसर येईल. लवकर ठरवा."

"नाहीच टोचलं तर?" हर्षालीनं विचारलं.

"आजार नसेल तर काही नाही," डॉक्टर म्हणाल्या. " असेल, तर तो गुपचूप वाढेल. त्याची औषधं सुरुवातीलाच द्यावी लागतात. उशीर झाला की उपयोग नाही."

गप्प राहिलं, की दहा मिनिटांत आबांना घेऊन घरी. बोललं, तर संस्था. भिंतीवरचा काटा सरकत होता, आणि डबीतलं औषध तेवढं तेवढं संपत होतं.

"मी शिकवलं," ती एकदम म्हणाली. "सगळी उत्तरं मीच शिकवली. त्यांचा हात बघा."

आबांनी तळहात उघडून सगळ्यांना दाखवला. "पोरीचं अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले.

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी सुई मागवली. तेव्हा मात्र हर्षालीला नवीनच भीती वाटली. "हे डोक्यात जाऊन काय करतं? जाळतं का?"

उत्तर दिलं आबांनी. आबा पाटकरी होते. पाटाचं पाणी शेतांना वाटून देण्यात त्यांचा जन्म गेला होता. "अगं, पाटाच्या तळाशी कुठं काय अडकलंय ते वरून दिसतं का? मी मूठभर भुसा सोडायचो. जिथं भुसा अडून राहिला, तिथं खाली अडगळ. भुसा पाटाला काही करत नाही, फक्त जागा दाखवतो."

"हेच ते!" डॉक्टर म्हणाल्या. "अल्झायमर नावाच्या आजारात मेंदूत अमायलॉइड (एक चिकट प्रथिन) साचतं. हे मागोवा घेणारं औषध रक्तातून मेंदूत जातं. अमायलॉइड असेल तिथं चिकटून बसतं, नसेल तिथून बरंचसं धुऊन जातं. मात्रा थोडी असते. तरी आज आबांच्या मांडीवर बसायचं नाही, दोन मीटर लांब राहायचं."

सुई टोचली, आणि आबा काचेपलीकडे एकटे राहिले. औषध चिकटायला तासभर लागणार होता. अर्ध्या तासानं आबा उठले. दार शोधू लागले. मग काचेतून त्यांनी हर्षालीकडे पाहिलं, रस्त्यावरच्या अनोळखी मुलीकडे बघावं तसं. तिनं हात हलवला. त्यांनी हलवला नाही. एवढी भीती तिला आयुष्यात वाटली नव्हती.

स्कॅन सुरू झालं तेव्हा ती धीरूला चिकटूनच उभी होती. "घाबरू नका. औषधातून पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा उलट्या भाराचा जुळा) सुटतो," धीरू सांगू लागला. "तो इलेक्ट्रॉनला भेटला की दोघेही नाहीसे होतात, आणि दोन किरण बरोबर विरुद्ध दिशांना निघतात. यंत्राचं कडं दोन्ही पकडतं. त्यांना जोडणारी रेघ काढायची. अशा लाखो रेघा काढल्या, की औषध कुठं बसलंय ते कळतं."

पडद्यावर मेंदू उमटला. त्यात ठिकठिकाणी तांबडं पेटलं होतं.

"नुसत्या चित्रावरून आजार ठरत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण विसरणं आणि हे डाग, दोन्ही मिळून अल्झायमर दिसतो. सुरुवातीचा आहे. तू बोलली नसतीस, तर आबा तीसपैकी तीस घेऊन घरी गेले असते."

"आणि संस्था?"

"आत्ता तर नाहीच. आत्याशी मी बोलते."

आबा खुर्चीत येऊन बसले होते. आता त्यांना हर्षाली ओळखू येत होती. "गेलेलं औषधानं परत येईल का हो?" त्यांनी विचारलं.

"नाही आबा. पुढचं जाणं हळू होईल. यापेक्षा चांगली औषधं शोधायचं काम चालू आहे."

आबा दोन मीटरवरून ओरडून म्हणाले, "हर्षे, वही काढ. पाण्याच्या पाळ्या लिहून घे. कुठल्या शेतानंतर कुठलं, हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही."

तीन शेतं त्यांनी भराभर सांगितली. चौथ्याला अडखळले. हर्षालीचं तोंड सवयीनं उघडलं, पण हे उत्तर तिलाही ठाऊक नव्हतं. ती पेन धरून थांबली.

"चिंचेखालचं," आबा म्हणाले. "लिही."