चौकात अडकलेल्या चार गाड्या

चारही गाड्या ठणठणीत होत्या. बॅटऱ्या भरलेल्या, चाकं शाबूत, रस्ता कोरडा. तरीही विद्यापीठाच्या माल-आगारातल्या चौकात त्या सकाळपासून खिळल्यासारख्या उभ्या होत्या. ड्रायव्हर नसलेल्या त्या गाड्यांच्या पोटात डोंगरावरच्या गावांना निघालेल्या लसी होत्या आणि पेट्यांमधला बर्फ वितळायला लागला होता.

अकरा वर्षांची शर्वाणी फाटकाच्या जाळीला नाक लावून हे कोडं बघत होती. आत जायची सोय नव्हती, कारण फाटकावरचा यंत्रमानव तिच्या मुक्ताआत्याला सोडायला तयार नव्हता.

"तुमची नेमणूक संपली आहे," तो गोड आवाजात म्हणाला.

"अरे बाबा, या गाड्यांनी कसं चालायचं ते मीच लिहिलंय. आणि तुमच्या विभागप्रमुखांनीच आत्ता मला फोन करून बोलावलंय."

"आपली अडचण मी समजू शकतो. तुमची नेमणूक संपली आहे."

आत्याने कपाळाला हात लावला. शर्वाणीही वैतागली होती. सुट्टीत विद्यापीठ दाखवते म्हणून आत्या तिला घेऊन आली होती, पण तिने आतापर्यंत पाहिल्या होत्या त्या फक्त कचेरीतल्या दोन खिडक्या. आत्या संदेशजाळी आणि मालवाहतूक (निरोप किंवा वस्तू कोणत्या वाटेने, कशा वेळेत पोचवायच्या) यावर संशोधन करायची. तिचा प्रकल्प संपला, मग पीएच.डी.साठी तिची निवड झाली. विद्यावेतनही (संशोधन करणाऱ्याला दरमहा मिळणारी रक्कम) मंजूर झालं. पण तळमजल्यावरची खिडकी म्हणायची, "आधी विद्यावेतनाचा आदेश आणा, मग नोंदणी." तिसऱ्या मजल्यावरची म्हणायची, "आधी नोंदणी क्रमांक आणा, मग आदेश." महिनाभर आत्या जिने चढत-उतरत होती. शेवटी पुण्यातल्या एका कंपनीने तिला नोकरी देऊ केली होती आणि आज संध्याकाळपर्यंत उत्तर मागितलं होतं.

तेवढ्यात विभागप्रमुख हर्डीकर सर धापा टाकत आले. त्यांनी आपलं कार्ड दाखवलं आणि फाटक उघडलं.

आत्या थेट चौकात गेली. "शर्वाणी, या चौकाचे चार कोपरे बघ. प्रत्येक कोपऱ्यात एक गाडी आहे आणि प्रत्येकीला पुढच्या कोपऱ्यात जायचंय. त्यांना शिकवलेलं काय, तर पुढची जागा रिकामी झाली की सरक आणि तोवर आपली जागा सोडू नकोस."

शर्वाणीने बोटाने गाड्या दाखवत विचार केला. पहिली दुसरीसाठी थांबलेली, दुसरी तिसरीसाठी, तिसरी चौथीसाठी. आणि चौथी? ती पहिलीसाठीच.

"मग पहिल्यांदा सरकणार कोण?"

"कोणीच नाही. संध्याकाळपर्यंत नाही आणि पुढच्या वर्षापर्यंतही नाही. याला डेडलॉक म्हणतात (सगळ्यांनी एकमेकांची वाट पाहत गोलाकार अडकणं). तू आईला फोटो पाठवतेस ना, तो तुकड्या-तुकड्यांनी जातो. वाटेतलं प्रत्येक यंत्र एकेक तुकडा धरून ठेवतं आणि पुढच्याकडे जागा झाली की सोडतं. सगळ्यांच्या जागा अशा गोलात भरल्या की तिथेही हीच गत. एकही यंत्र बिघडलेलं नसतं, पण काम ठप्प."

"मग आधी असं का नाही झालं?"

"कारण चौकात एका वेळी तीनच गाड्या सोडायच्या, असा नियम मी घातला होता. एक कोपरा रिकामा असला की मागची त्यात शिरते, तिची जागा रिकामी होते आणि सगळं हलत राहतं. तो नियम कोणी काढून टाकला?"

सर खाली बघत म्हणाले, "वेग वाढेल असं मला वाटलं."

आत्याने एक गाडी मागे घेऊन चौकाबाहेर काढली. लगेच तिच्या मागची पुढे सरकली, मग तिच्या मागची, आणि बघता बघता चौक मोकळा झाला. आत्याने नियम पुन्हा लावला. लसी डोंगराकडे निघाल्या.

शर्वाणी मात्र तिथेच उभी होती. "आत्या, त्या दोन खिडक्याही अशाच अडकल्यात ना?"

आत्या वळली. "अशाच. आणि मी याच विषयात डोकं घालते, तरी महिनाभर नुसती जिने चढले." मग ती सरांकडे बघत म्हणाली, "सर, तात्पुरती नोंदणी कोण देऊ शकतं?"

सरांनी चष्मा पुसला. "मीच. पण पुढे आदेश आला नाही, तर जाब मला द्यावा लागतो."

"म्हणजे एक गाडी मागे घेणं तुमच्याच हातात होतं. आणि मी आले की तुम्ही म्हणायचात, काय करणार, पद्धतच तशी आहे."

"चूक झाली, मुक्ता," सर म्हणाले. "चल. जाब द्यायची वेळ आली तर देईन मी."

तात्पुरता क्रमांक मिळाला. तो दिसताच तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीने कुरकुर न करता आदेश दिला. जिन्यातच आत्याने कंपनीला फोन करून नकार कळवला.

"पण दर वेळी सर कुठून आणायचे?" शर्वाणीने विचारलं.

"म्हणून यंत्रांनाच शिकवायचं. प्रत्येकाने पुढच्याला विचारायचं, मी तुझी वाट बघतोय, तू कोणाची बघतोयस? त्याने तोच प्रश्न त्याच्या पुढच्याकडे सरकवायचा. फिरत फिरत तो आपल्याकडेच परत आला, की समजायचं, आपण गोलात अडकलोय. गाड्यांना शिकवीन, मग कचेऱ्यांनाही."

"आणि गोलातल्यांपैकी कोणी मागे सरायचं, ते कसं ठरवायचं?"

आत्या पायरीवर थांबली. सकाळपासून पहिल्यांदाच तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या.

"ते अजून मलाही नीट माहीत नाही," ती म्हणाली. "आता शोधायला वेळ मिळालाय."