आप्पांच्या मनगटावरची दाद

मिरजेच्या मगदूमांकडे संध्याकाळी आठला टीव्ही लागायचा, आणि टीव्हीच्या आधी पट्टी. रोहिणीवहिनींनी मनगटावरची दादपट्टी दाबली, हिरवा दिवा लागला. नाडी आणि घाम यांवरून एखादं दृश्य माणसाला किती भिडलं, ते ही पट्टी थेट वाहिनीला कळवायची. त्यामुळे प्रेक्षकांना मत विचारायची गरज उरली नव्हती. समीक्षकांची मात्र भारी सोय झाली होती.

सोफ्यावर दोन पाहुण्या होत्या. 'उच्चदाब' मालिकेची लेखिका चारुलता बेंद्रे, आणि त्याच मालिकेला झोडपणाऱ्या समीक्षक नलिनी उपासनी. मालिकेची नायिका सगुणा वीज कंपनीत वायरमन. हजारो व्होल्ट अंगातून खेळवायची, कोसळता मनोरा एका हाताने तोलायची. एका समीक्षकाला तिच्यात स्त्रीवाद फार झाला असं वाटलं, दुसऱ्याला तो कमी पडला. पाहिला होता दोघांनी पहिलाच भाग. नलिनीताईंनी सगळे पाहिले होते, शिवाय त्यांच्या हाती पुरावा होता. बायकांची दादरेषा अथपासून इतिपर्यंत सपाट! 'बायकांनाच न पटलेला स्त्रीवाद' हा त्यांचा मथळा गाजला. शुक्रवारी मालिका बंद होणार होती. चारुलताने वाहिनीकडे एवढंच मागितलं होतं, की एक तरी सपाट रेषा मला समोर बसून बघू द्या. आता ती रेषा तिच्या फोनवर उमटत होती.

"हट्टी आहेस," नलिनीताई कुजबुजल्या. "माझ्यावर नसेल, निदान नाडीवर तरी विश्वास ठेव."

शीर्षकगीत सुरू झालं तशा रोहिणीवहिनी उठल्या. टीव्ही दिसेल अशी स्वयंपाकघराच्या दारात परात ओढली, पट्टी काढली आणि आरामखुर्चीतल्या सासऱ्यांच्या मनगटावर चढवली. भूपालआप्पा दिवस मावळायच्या आत जेवून कधीचे पेंगले होते.

"अहो, हे काय?" चारुलता ओरडलीच.

"कणीक मळायची नव्हं? पट्टीत पीठ जातंय. आणि नुसती काढून ठेवली की बोंबलतीय ती, अंगाला लागायला पायजे म्हणून. आप्पांचा हात मोकळाच असतोय की."

"रोज?"

"मग काय तर! शेजारच्या वैनी पाळण्यातल्या बाळाला घालत्यात."

चारुलताने नलिनीताईंकडे पाहिलं. "म्हणजे माझ्या स्त्रीवादावर मत दिलं..."

"आप्पांच्या झोपेनं," नलिनीताई म्हणाल्या. "आणि मी त्या घोरण्यावर अर्धं पान लिहिलं."

चारुलताने पट्टी आप्पांच्या हातातून सोडवून वहिनींच्या घोट्यावर, पैंजणाच्या वर बांधली. वहिनी कणीक मळत राहिल्या. सगुणाने मनोरा तोलला. रेषा थोडी हलली. सगुणा घरी आली. सासू म्हणाली, "भात लावायचाय." सगुणा म्हणाली, "आज मी दमलेय," आणि सरळ आडवी झाली. नलिनीताईंनी 'कापून टाकावं' म्हटलेलं हेच ते दृश्य.

वहिनींचे हात कणकेत थांबले. रेषा उसळली.

चारुलताने तिथूनच वाहिनीच्या कार्यक्रमप्रमुखांना फोन लावला. सगळं ऐकून ते इतके हसले की नलिनीताईंनाही ऐकू गेलं. "शुक्रवारचं रद्द. सगळीकडे पट्ट्या पायात बांधून पुन्हा मोजू. तू पुढचं पर्व लिहायला घे बाई."

चारुलताने डोळे पुसले. नलिनीताईंनी तिच्या पाठीवर थाप मारली. "मनोरा मला अजूनही बटबटीतच वाटतो, हं. पण आप्पांचं मत बायकांच्या नावावर खपवलं, ते उद्याच छापून मागे घेते."

दोघी खळखळून हसल्या, त्या आवाजाने आप्पा जागे झाले. पडद्यावर सगुणा अजून आडवीच होती. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं, मग दारातल्या सुनेकडे.

"रोहिणी, तू बी अशी दमतीस काय गं?"

वहिनी परातीवर खाली वाकल्या. फोनवरची रेषा मात्र थेट वरच्या कडेला जाऊन भिडली. वाहिनीला ती त्याच क्षणी पोचली होती. आप्पांपर्यंत कधी पोचणार होती?