बुधावरचं धुकं

मंगळावर सूर्य मावळत होता आणि त्याच्याभोवती चक्क निळा उजेड पसरला होता. बाकीचं आकाश तांबूस, धुळकट. फिरत्या तारांगणाच्या फुगवलेल्या तंबूत रेणापूरची तीस-चाळीस पोरं माना वर करून बसली होती.

"ताई, माझं डोकं लई दुखून राहिलं," व्यंकट कुजबुजला. सुकन्याचा हा चुलतभाऊ दिवाळीच्या सुट्टीत नांदेडहून आला होता.

"सकाळी चकल्या कमी खायच्या होत्या," सुकन्या म्हणाली. पण डोकं तिचंही जड झालं होतं.

चित्र बदललं. फिल्ममधला आवाज सांगू लागला, "आता आपण बुधावर आहोत. इथे हवा जवळजवळ नाहीच, म्हणून भरदिवसाही आकाश काळंकुट्ट दिसतं. तारे लुकलुकत नाहीत."

सुकन्याने वर पाहिलं. आकाश काही काळंकुट्ट नव्हतं. प्रोजेक्टरपासून छतापर्यंत उजेडाचा दुधाळ पट्टा दिसत होता आणि त्यात काहीतरी वळवळत होतं. मंगळावर ठीक, तिथे धूळ असते. पण जिथे हवाच नाही त्या बुधावर धुकं कुठून आलं? चित्रातलं नसेल तर ते तंबूतलं असणार. हे आता तिच्या लक्षात आलं.

खेळ संपून बाहेर येताच व्यंकटला लिंबाच्या झाडाखाली उलटी झाली. सुकन्या तडक तंबूवाल्या आनंदराजकाकांकडे गेली. फिल्म सुरू करायची, दाराची चेन बाहेरून ओढायची आणि खुर्चीत मोबाईल बघत बसायचं, असा या काकांचा सुखाचा धंदा होता.

"काका, आत धूर हाय."

"उदबत्तीचा असंल. प्रत्येक खेळाआधी लावतो मी. देवाचं नाव घेऊन सुरू करावं."

"एका उदबत्तीचा इतका धूर?"

"दोन लावल्या होत्या. जा आता, दुसऱ्या पोरांना बघू दे."

सुकन्याने नळावर नेऊन व्यंकटला चूळ भरायला लावली आणि बरं वाटेपर्यंत सावलीत बसवलं. परत येते तो पुढची पोरं आत गेलेली, चेन बंद. तिचा सात वर्षांचा भाऊ हरिओमही त्यांच्यातच होता. सकाळपासून तो या खेळासाठी नाचत होता.

"चल, मागं बघू," ती म्हणाली.

दुपारीच लाईट गेली होती. तंबू मंगल कार्यालयाच्या मैदानात होता आणि कार्यालयाचे मालक गुरुपादप्पा आजोबा पाहुण्यांसोबत ओसरीत बसले होते. जनरेटरच्या आवाजाने त्यांना बोलता येईना, म्हणून काकांनी तो तंबूमागे नेऊन ठेवला होता. तिथेच तंबूत हवा भरणारा मोठा पंखा होता. जनरेटरचा धूर सरळ त्या पंख्याच्या तोंडात शिरत होता.

"म्हणजे आपण हाच धूर ओढून राहिलो होतो," व्यंकट म्हणाला.

दोघं पळत काकांकडे आले आणि धापा टाकत सगळं सांगितलं.

"जनरेटर बंद केला तर तंबू लेकरांच्या अंगावर बसंल," काका वैतागले. "अन् तू धूर धूर म्हणून वरडलीस तर सगळी एकाच दारातून पळतील. चेंगरली म्हणजे? थोडा वेळ थांब की. खेळ संपतच आलाय."

सुकन्याला काकांचा संताप आला. पण त्यांचं निम्मं बोलणं खरं होतं, तेच वाईट होतं. जनरेटर बंद करायचा नाही, ओरडायचंही नाही. मग करायचं काय? आत हरिओम होता आणि पंखा धूर ओढतच होता.

तिने चेन ओढली, डोकं आत घातलं आणि शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाली, "गुरुपादप्पा आजोबा ओसरीत बुंदीचे लाडू वाटून राहिले. पण रांगेत येईल त्यालाच मिळंल."

काका ओरडेपर्यंत पोरं निघालीसुद्धा. व्यंकटने दाराचा पडदा उचलून धरला. एकामागून एक पोरं बाहेर येत होती, काही डोळे चोळत, काही अडखळत. ओसरीत आजोबा पाहुण्यांना विचारत होते, "कसले लाडू? कुणी सांगितलं?"

रांग संपली. हरिओम आला नाही.

लाडवांचं नाव ऐकून हरिओम मागे राहील, हे शक्यच नव्हतं. ओढणी नाकाला लावून सुकन्या आत शिरली. बुधावरचा काळोख होता. तिने हाका मारल्या. उत्तर नाही. ती चाचपडत गेली, एका चपलेला हात लागला, ती कुणा दुसऱ्याचीच निघाली.

तेवढ्यात बुधावर सूर्य उगवला. आपल्या सूर्याच्या तिप्पट मोठा, डोळे दिपवणारा. त्या उजेडात तिला हरिओमचा पिवळा शर्ट दिसला. पंख्याची हवा जिथून आत येत होती, तिथेच तो आडवा पडला होता. गार वारा लागतो म्हणून पठ्ठ्याने नेमकी तीच जागा धरली होती. तिने त्याच्या काखांत हात घालून त्याला ओढलं. दारात व्यंकटने त्याचे पाय उचलले.

आजोबांनी ते पाहिलं आणि लाडवांची चौकशी तिथेच थांबली. आजोबा स्वतः रस्त्यात उभे राहिले, रिक्षा अडवली. सरकारी दवाखान्यात हरिओमच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लागला. बाकीच्या पोरांनाही एकेक करून तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजून थोडा वेळ आत राहिला असता तर हाती लागला नसता."

आनंदराजकाका दारात हात जोडून उभे होते. "पोरीनं मला दोनदा सांगितलं. मी ऐकलं न्हाई."

"आवाज नको म्हणून जनरेटर मागं न्यायला मीच सांगितलं होतं," गुरुपादप्पा आजोबा म्हणाले. "इतकी मोठी माणसं बसलो होतो, एकाला बी कळलं न्हाई." त्यांनी सुकन्याच्या डोक्यावर हात ठेवला. "बाई, तू इतक्या घरांची लेकरं बाहेर आणलीस, अन् एकालाही खरचटू दिलं न्हाईस. या व्यंकटानं बी दार सोडलं न्हाई. शाबास."

सगळे तिला धीराची म्हणत होते. तिचं सगळं लक्ष खाटेकडे होतं.

संध्याकाळी हरिओमचा मास्क निघाला. तो घोटभर पाणी प्यायला.

"ताई, मी झोपलो नव्हतो."

"मग?"

"तू लाडू म्हणालीस, हाका मारल्यास, सगळं ऐकून राहिलो होतो मी. मला यायचं होतं. पण पायच उठंनात."

सुकन्या खाटेच्या पायथ्याशी बसली. त्याचे दोन्ही पाय छातीशी धरले आणि मग मात्र तिला रडू आवरलं नाही.