घरच्यांचे कसले आभार!

चंद्रावरच्या वसाहतीत हवा ठीक, पाणी ठीक, शंतनूदादाच्या सगळ्या तपासण्याही ठीक. मग दादा खोलीबाहेर का येत नव्हता? ऊर्मीला काही उमगेना. त्यात घरातला यंत्रमानव बोधन तिचं डोकं खात होता. आभार मानायला तो म्हणे सभासमारंभ बघून शिकला होता. ताट वाढलं, की सुरू! “सर्वप्रथम, भोजनाच्या यशस्वितेसाठी झटलेल्या ज्ञात-अज्ञात हातांचे...”

“गप रे! घरच्यांचे कसले आभार? आपण काय परके आहोत?” आईचं नेहमीचं वाक्य ऊर्मीनं त्याच्या तोंडावर फेकलं.

“कृतज्ञता हा संरक्षक घटक (मनाला संकटात तग धरायला मदत करणारी गोष्ट) आहे,” बोधन म्हणाला.

ऊर्मीनं ते तडक दादावर वापरून पाहिलं. “जरा कृतज्ञ राहा की! इथं यायला पृथ्वीवरची मुलं तडफडतात!”

दादानं भिंतीकडे तोंड फिरवलं. “मग त्यांना आणा. मी नसलो तर कुणाचं काय अडणार आहे?”

बाहेर येऊन ती बोधनवर उखडली. “तुझा घटक फुसका निघाला!”

“तू त्याला दटावलंस. ती कृतज्ञता नव्हे,” दारातून सगळं ऐकलेला बोधन म्हणाला. “दुखऱ्या मनाला उणंच तेवढं दिसतं. आपण कुणालाच नको आहोत, असं वाटू लागतं. तो आपल्याला का हवा आहे, हे कुणी खरेपणानं, नेमकं सांगितलं, तर आधार मिळतो. पण तेवढ्यानं भागत नाही. समुपदेशकही (मनाचं दुखणं समजून घेणारे तज्ज्ञ) लागतात. दादा जे बोलला, ते आत्ता आईला सांग. असलं बोलणं गुपित ठेवायचं नसतं.”

यंत्राला एवढं कळतं आणि आपल्याला नाही, याचा ऊर्मीला भयंकर राग आला. तरी ती धावली.

आई हातातलं काम टाकून दादाजवळ बसली. “शंतनू, जगणंच नको वाटतं का रे?”

दादानं होकारार्थी मान हलवली. आई रागावली नाही. तिनं त्याचा हात घट्ट धरला.

ऊर्मीही मागोमाग आत आली होती. घरात आभार मानायची सवय कुणाला होती? “मी पहिल्यांदा वसाहतीबाहेर जायचा पोशाख घालताना रडले होते,” ती कशीबशी म्हणाली. “सगळे पृथ्वी बघायला गेले. तू तुझा पोशाख उतरवून माझ्यापाशी थांबलास. मला फार बरं वाटलं होतं, दादा. बोलले नाही कधी.”

“मला वाटलं, विसरलीस.”

“विसरते कशाला!” ऊर्मी चिडून म्हणाली आणि तिला रडूच फुटलं.

दादानं तिला जवळ बसवलं. मग म्हणाला, “आई, बोलाव समुपदेशकांना. बोलतो मी. पण हिला इथंच बसू दे.”