सखुबाईंचा रिपोर्ट

माझा धंदा टवाळीचा आहे, म्हणून आधीच सांगतो... हे खरं आहे. दर रविवारी वर्तमानपत्रात मी लोकांची खिल्ली उडवतो आणि त्यावर घर चालवतो असं सांगतो. घर बायको चालवते.

हे तिच्याच बाबतीत घडलं. मी बाहेर उभा राहून पाहत होतो.

नुसताच पाहत होतो.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती. मागच्या फेब्रुवारीतला मंगळवार, टळटळीत दुपार, दिंडोरीच्या पुढे द्राक्षबागांमधलं एक मोकळं मैदान.

माझी बायको शुभांगी सूक्ष्मजीवतज्ज्ञ आहे. सिंहस्थाला लाखो माणसं येणार. त्यात एखादी साथ आली तर नमुने घेऊन गावोगाव पळत बसायचं का? म्हणून तिच्या कार्यालयाने चाकांवरची प्रयोगशाळा घेतली. लांबलचक पांढरी बस. साथ जिथे, तिथे तपासणी. त्या दिवशी तिची रंगीत तालीम होती. कुठेतरी चार ओळी छापून याव्यात, म्हणून पेपरवाल्या नवऱ्यालाही बोलावणं होतं.

बसच्या मागच्या भागात बंदिस्त प्रयोगशाळा. तिथून बाहेर यायचं तर मध्ये कपाटाएवढी एक खोली लागते. तिला दोन दारं. एक उघडं असेल तर दुसरं उघडत नाही, म्हणजे आतली हवा बाहेर येत नाही. दोन्ही दारांना गोल काचा.

तालमीसाठी खोटा रुग्ण हवा होता. नमुना तयार होता, तो पॉझिटिव्ह येणार हेही ठरलेलं होतं. फक्त नाव हवं होतं. नावाशिवाय संगणक पुढे सरकेना.

"साहेब, तुमचं टाकू?" शुभांगीने तिच्या वरिष्ठांना विचारलं.

"अहो मॅडम, मुलीचं लग्न आहे पुढच्या महिन्यात. यांचं टाका ना. लेखक आहेत."

"माझं नको," मी म्हणालो.

"का रे? तू तर काही मानत नाहीस!"

"मानत नाहीच. पण नको. तुझं टाक की."

ती हसली. स्वतःचं नाव तिनेही टाकलं नाही.

मग गाडीचा चालक सोमनाथ पुढे आला. तो तिथल्याच एका वस्तीवरचा.

"मॅडम, माझ्या मावशीचं टाका. सखुबाई. ती गेली कोरोनात. तिला आता काय व्हायचं राह्यलंय? आन् तिला गाडीत बसायची लय हौस होती."

सगळ्यांना हायसं वाटलं. मेलेल्या माणसाचं आणखी वाईट व्हायची सोय नसते.

शुभांगीने नाव टाकलं, पांढरा पोशाख चढवला आणि ती आत गेली. नियमाप्रमाणे आत दोघं हवीत. दुसरी जागा रिक्त होती. साहेब पाहुण्यांना घेऊन जेवायला गेले. राहिलो मी आणि सोमनाथ.

शेजारच्या बागेत बायका द्राक्षं काढत होत्या. त्यांचा कलकलाट, क्रेट आपटल्याचे आवाज, आमच्या जनरेटरची घरघर.

मग... कलकलाट थांबला.

जेवायला बसल्या असतील, असं मला वाटलं.

मग... जनरेटर थांबला.

सोमनाथने पुन्हा सुरू करून पाहिला. डिझेल होतं. बॅटरी होती. जनरेटर हूं की चूं करेना.

वीज गेली तरी बसची दारं एकामागून एक हाताने उघडता येतात, असं माहितीपुस्तकात छापलंय. ती उघडली नाहीत. आणीबाणीची चावी नाशिकला साहेबांच्या कपाटात होती. हरवू नये म्हणून.

आत पंखा बंद. ऊन डोक्यावर. पत्र्याची बस, आणि त्या पोशाखात माझी बायको.

प्रयोगशाळेत मोबाईल न्यायला सक्त मनाई असते. त्यामुळे तो तिच्याजवळ होता. मी फोन लावून स्पीकरवर टाकला.

"अरे, या बाई कोण?" तिने विचारलं.

"कोण बाई?"

"मधल्या खोलीत उभ्या आहेत ना! तू त्यांना आत कशाला सोडलंस? तोंडाला मास्कसुद्धा नाही."

मी गोल काचेतून पाहिलं.

मधली खोली रिकामी होती...

"शुभे, इथे कुणी नाहीये."

"असं काय करतोस! तुझ्याकडे पाठ करून उभ्या आहेत. हिरवं लुगडं, डोक्याला पिवळा टॉवेल गुंडाळलाय."

सोमनाथ फोनजवळ सरकला.

"टावेल मीच बांधला होता," तो म्हणाला. "ताप उतरंना म्हणून."

फोनमधून आवाज आला. काचेवर नखाने वाजवल्यासारखा.

टक... टक... टक...

"त्या रिपोर्ट मागताहेत," शुभांगी म्हणाली. तिचा आवाज जड झाला होता. "आला का गं रिपोर्ट, म्हणतात. सारखं तेच."

मी सोमनाथचं बखोट धरलं. तो तुटक तुटक बोलला.

"रिपोर्ट नाय म्हणून कोरोनाच्या वार्डात घेईनात. कोरोना असंल म्हणून साध्या वार्डात घेईनात. गेटाशी रिक्षातच ठेवली होती तिला. सारखी इचारायची, आला का रं? पॉझिटिव्ह आलं तर मला घरी नेणार नाय ना रं तुम्ही? तशीच गेली रिक्षात. रिपोर्ट तर अजून आला नाय, साहेब."

मी दार ओढलं, लाथा घातल्या. दगड घेऊन काच फोडू पाहिली. फुटली नाही. फुटणार नाही अशीच काच हवी, असं निविदेत लिहिलं होतं. सरकारी कामात एवढीच एक गोष्ट चोख झाली होती.

"मला गरगरतंय रे..." शुभांगी म्हणाली. "दार उघड ना."

साहेबांचा फोन लागत नव्हता. मैदानावर चिटपाखरू नव्हतं. बागेत क्रेट होते, बायका नव्हत्या.

"मॅडम!" सोमनाथ ओरडला. "तिला रिपोर्ट सांगा! सांगितल्याबिगर ती जायची नाय!"

"पॉझिटिव्ह... आलाय."

"तसं नका सांगू! तिला त्याचंच भ्या होतं! निगेटिव्ह सांगा!"

"मी खोटा रिपोर्ट देत नाही, सोमनाथ."

ती तशीच आहे. माझ्या आईलासुद्धा कधी 'रंग उजळलाय हो तुमचा' म्हणाली नाही.

मग तिच्या श्वासाचा आवाज यायचा थांबला.

"शुभे, सांग!" मी ओरडलो. "मी पाया पडतो तुझ्या, सांग तिला!"

मी काचेवर मुठी आपटत राहिलो...

मग अगदी हळू आवाज.

"सखुबाई... निगेटिव्ह आहे. घरी जा."

आतलं दार उघडलं. तेव्हाच बाहेरचंही उघडलं. असं होऊच शकत नाही, असं कंपनीचा इंजिनिअर आजही सांगतो. शुभांगी माझ्या अंगावर कोसळली. मी तिचा मास्क ओढून काढला. ती घामाने निथळत होती, पण जिवंत होती.

सोमनाथने मात्र आमच्याकडे पाहिलंच नाही.

तो बाजूला सरकला. वडीलधारं माणूस गाडीतून उतरताना वाट द्यावी, तसा...

जनरेटर आपोआप सुरू झाला. बागेत बायका बोलू लागल्या. मी तिच्या तोंडावर पाणी मारत होतो, तेवढ्यात सोमनाथचा फोन वाजला. त्याची बायको, छाया. तिचा आवाज एवढा मोठा की आम्हालाही ऐकू आला.

"अहो, घरी कुणी यायचं होतं का? हर्षाली आत्ताच तांब्या भरून दारात गेली. आजी आली म्हणती. कोण आजी? मला तर कुणीच दिसंना. आन् तांब्या रिकामा हाय."

हर्षाली ही सोमनाथची लेक. सखुबाई गेल्यानंतर जन्मलेली.

सोमनाथ शुभांगीकडे पाहत राहिला.

तालीम यशस्वी झाल्याचं साहेबांनी वर कळवलं. बस आता कळवणकडे फिरते. शुभांगीने बदली मागितली आहे.

सोमनाथच्या घरात कुणाला काही त्रास नाही. चुलीपाशी कुणीतरी बसलेलं असतं, एवढंच. छाया तिथली जागा सोडून स्वयंपाक करते. पण हर्षाली त्या आजीच्या मांडीवर झोपते, आणि दिवाळीपासून तिला खोकला आहे. संध्याकाळी अंग गरम होतं.

शुभांगी स्वतः जाऊन तिचा नमुना घेऊन आली. तपासला. पुन्हा तपासला. दुसऱ्या प्रयोगशाळेतही पाठवला.

निगेटिव्ह.

पोरगी खोकतेच आहे.

परवा सोमनाथ आमच्या घरी आला होता. चहाला हात लावला नाही. मग म्हणाला,

"मॅडम, मावशीला खरं सांगता का आता? पॉझिटिव्ह होतं म्हणून? माझ्यानं होत नाय. माझी मावशी हाय ती. लय आनंदात हाय ओ घरी आल्यापासून."

शुभांगीने माझ्याकडे पाहिलं.

मी खिडकीबाहेर पाहिलं.