एकाच घरची डबलरोटी

लातूरच्या गंजगोलाईच्या मागं, कापसाच्या वखारी संपतात तिथं दस्तगीरभाईची भट्टी होती. रोज सकाळी शाळेआधी मी तिथं जायचो. हौस म्हणून नव्हे हो! आमच्या लिंगायताच्या घरात डबलरोटी खाणार कोण? खमिरात शिंदीची दारू घालतात म्हणून बायकांनी ती कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नव्हती. पण माझी बायको सिद्धम्मा महिनाभर मुदतीच्या तापानं अंथरुणाला खिळलेली. भाकरी सोडा, भाताची पेजसुद्धा पोटात ठरत नव्हती. सरकारी दवाखान्याचे डॉक्टर म्हणाले, "डबलरोटी दुधात कुस्करून द्या, तेवढी टिकेल." आणि टिकली. मग शिंदी अन् बिंदी, सगळं गेलं खड्ड्यात.

लढाईचे दिवस होते. मैदा कुर्डुवाडीकडून छोट्या आगगाडीनं यायचा, तोही आला तर आला. दस्तगीरभाईनं खारी बंद केली, नानखटाई बंद केली. आजारी माणूस असलेल्या घराला रोज एक डबलरोटी, बाकी कुणाला काही नाही, असा कायदा त्यानं करून टाकला. निजाम सरकारच्या कायद्याला कुणी तरी पळवाट काढायचं, दस्तगीरभाईच्या कायद्याला नाही.

हा माणूस तरुणपणी सिकंदराबादच्या छावणीत रोटी भाजायला शिकलेला. तिथूनच त्यानं काफीची सवय आणली. साखर मिळत नव्हती म्हणून गुळाची काफी करायचा, आणि भट्टीतून घाणा निघेपर्यंत बाकावर बसलेल्यांना पितळी पेल्यातून द्यायचा. बाकावर आम्ही सगळे रात्रभर जागलेले. कुणाची आई, कुणाचं लेकरू, कुणाचा बाप. कुणी कुणाशी फार बोलायचं नाही. भट्टीची ऊब पाठीला लागली की डोळे मिटायचे, आणि लाकडी फळ्यावरून रोट्या बाहेर आल्या की त्या वासानं उघडायचे.

मी शिवमूर्ती. सरकारी शाळेत हिसाब शिकवतो, उर्दूतून. डोकं माझं जरा गरमच आहे. पोरं पाठीमागं मला मिरची मास्तर म्हणतात, हे मला ठाऊक आहे. पण त्या दिवसांत रागवायचंसुद्धा त्राण नव्हतं. फळ्यापाशी उभ्याउभ्या झोप लागायची.

एका सकाळी हात पुढं केला तर दस्तगीरभाई म्हणाला, "मास्टरसाब, आपके घर की तो गई."

"गेली? कोण घेऊन गेलं?"

"भाभी ले गये ना. अब्बी."

मग मात्र मी भडकलो. माझ्या बायकोला उशाचा तांब्या उचलवत नाही आणि ती गंजात रोटी न्यायला येईल? कुणीतरी माझ्या घराचं नाव सांगून तुला बनवून गेलं, असं मी त्याला चार माणसांत सुनावलं. स्वतःच्या घरासाठी ठेवलेली रोटी त्यानं माझ्या हातात दिली. मला लाजही वाटली नाही. इतका मी दमलेला होतो.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी झुंजुमुंजूलाच जाऊन बाकावर बसलो. म्हटलं, बघूच कोण ही भाभी.

बायकांचा बाक पलीकडं होता, मधे मैद्याच्या रिकाम्या पोत्यांची थप्पी. थोड्या वेळानं एक बाई येऊन तिथं टेकली. हिरवं इरकल, पदर कपाळाच्या खाली ओढलेला. दस्तगीरभाईनं काफी दिली. तिनं पेला दोन्ही हातांत धरला, पण प्यायली नाही. नुसती हात शेकत बसली.

दस्तगीरभाईनं मला डोळ्यानं खुणावलं. हीच.

"बाई," मी पोत्यांच्या अलीकडून म्हणालो, "कुणासाठी नेता रोटी?"

"आमच्या मालकासाठी." मान वर न करताच ती बोलली. "मास्तर हायत. मुदतीचा ताप हाय. महिना झाला."

"कोणत्या शाळेत?"

"सरकारी. हिसाब शिकवतात." मग ती किंचित हसली. "लई तापट हायत. पोरं मिरची मास्तर म्हणतात. आता कुठला राग अन् कुठलं काय. आवाज फुटत न्हाई. नुसतं एकच घोकायलेत, डबलरोटी आणाय जायचंय, उशीर झाला. उठाय बघतात. मी हात धरून निजवते."

आवाज ओळखीचा होता. पण आवाजाचं काय, आवाजासारखा आवाज असतो. मी स्वतःला तसं बजावलं. तेवढ्यात तिनं पेला खाली ठेवला आणि पदरातून मनगट बाहेर आलं. त्यावर तव्याचा जुना डाग होता. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला पोळ्या करताना सिद्धम्माला तिथंच चटका बसला होता, आणि मी मूर्खानं घाबरून त्यावर दौतीतली शाई ओतली होती. शाईची निळसर कड कातडीत राहून गेलेली. ती कड मला दिसली.

मी तिथून जो पळत सुटलो तो घरीच.

सिद्धम्मा अंथरुणावर होती. ओठ सुकलेले, श्वास वरच्यावर. शेजारची नागम्मा, जी माझ्या माघारी तिच्याजवळ बसायची, ती पायाशी बसून पंख्यानं वारा घालत होती.

"ही उठली होती?" मी ओरडलो.

"अवो, काय बोलायलाव मास्तर?" नागम्मा माझ्याकडं बघतच राहिली. "कूस बदलाया मी लागते तिला."

मी सिद्धम्माचे तळपाय बघितले. स्वच्छ होते. ट्रंक उघडली, हिरवं इरकल घडीत होतं. मनगट हातात घेतलं. डाग होता, निळी कड होती, आणि हात कढत होता. मी तो हात धरून बसलो. नागम्मा पंखा ठेवून बाहेर गेली.

मग मी कुणाला काही बोललो नाही. काय बोलणार? बोललो असतो तर माझ्यासाठीही डॉक्टर आणला असता. आणि दुसऱ्या दिवशी भट्टीवर गेलो, तर ती होतीच.

मी तिला आडून आडून विचारायचो. एकदा न राहवून सांगितलं, "बाई, माझं नाव शिवमूर्ती."

तिनं पदर आणखी पुढं ओढला. "अगंबाई! आमच्यांचं बी तेच हाय. मला कसं घेता येईल ते नाव? मी आपली अण्णाच म्हणते तुम्हाला."



दस्तगीरभाई आता दोघांना रोटी देत होता. एकदा त्यानं मला बाजूला घेतलं. भट्टीच्या धगीनं त्याचे डोळे नेहमीच लाल, त्या दिवशी जास्तच दिसले. "मास्टरसाब, आप एक घर बताते, उनेबी वहीच घर बताते. दोनों झूट नईं बोल रै, ये मेरेकू दिसता. लेकिन बीमार कौन है? आप या वो?"

"माझी बायको आजारी आहे," मी म्हणालो. "मी तुझ्यासमोर उभा आहे की नाही?"

"हौ, खडे हैं," तो म्हणाला, पण माझ्या खांद्याला हात लावून बघितला त्यानं. सहज लावल्यासारखा.

खरं सांगू? मला तिची सवय झाली. महिनाभर मी सिद्धम्माचं एक धड वाक्य ऐकलं नव्हतं. इथं पोत्यांच्या पलीकडून ती बोलायची, तिच्या बोलण्यात आमचं घर असायचं, चाकूरचं तिचं माहेर असायचं, गळकी मोरी असायची. ती म्हणायची, "अण्णा, मी रडत न्हाई. रडाय बी ताकद लागते." मी म्हणायचो, मलाही. आणि काफी पीत आम्ही गप्प बसायचो. दिवसभरात तेवढीच घटका मला बरं वाटायचं. मी लवकर उठायला लागलो, आणि रोटीसाठी उठत नव्हतो, हे मला कळत होतं.

पण हिसाबाच्या मास्तरला एक गोष्ट दिसल्यावाचून राहीना. जेव्हा ती म्हणायची, आज आमच्यांनी डोळे उघडले, तेव्हा घरी सिद्धम्माचा ताप चढलेला असायचा. आणि सिद्धम्मानं दोन घास जास्त खाल्ले की दुसऱ्या सकाळी ही डोळे पुसत यायची. योगायोग, म्हटलं मी. जागरणानं डोकं फिरलंय, म्हटलं. तरी "आज कसं हाय?" असं तिला विचारताना माझा जीव वर-खाली व्हायचा. तिनं काय उत्तर द्यावं असं मला वाटत होतं, ते मी तोंडानं कधी बोलणार नाही.

मग छोटी गाडी आली नाही. एक दिवस, दोन दिवस. दस्तगीरभाईनं पोती झटकून घाणा केला. त्याच सुमारास एका पहाटे डॉक्टरांनी मला दाराबाहेर बोलावलं. "आजचा दिवस निघाला तर बाई वाचेल. पोटात काहीतरी जाऊ द्या, काहीही करून."

मी भट्टीवर गेलो तेव्हा उजाडलं होतं. लोक आपापली रोटी घेऊन निघून गेले होते. ती बाकावर होती. काफी नव्हती.

दस्तगीरभाईनं फळ्यावर एकच रोटी ठेवली. लहानशी, एका बाजूनं करपलेली.

"बस, इतनीच है," तो म्हणाला. "घर एकच बताते ना आप लोगां. तो आपस में देख लेव." आणि तो आत गेला. पळालाच म्हणा ना.

भट्टीत निखारे तडतडत होते.

"कसं हाय?" मी विचारलं.

"वैद्य म्हणले, आजचा दिवस." ती म्हणाली.

रोटी दोघांच्या मधे होती. अर्धी अर्धी करू, असं म्हणायला मी तोंड उघडलं. आणि मिटलं. अर्ध्यानं दोघंही जातील, असं मला त्या क्षणी पक्कं वाटलं. का वाटलं ते विचारू नका.

तिनं पहिल्यांदा मान वर केली.

सिद्धम्माच होती. डोळ्यांखाली काळं, गाल बसलेले, कपाळावर ठसठशीत कुंकू. तिनं माझ्याकडं नीट बघितलं, आणि ओळख काही तिच्या डोळ्यांत आली नाही.

"घ्या अण्णा, तुम्हीच न्या," ती म्हणाली. "माझ्यानं आता व्हत न्हाई. लई थकले मी."

"सिद्धू," मी म्हणालो.

ती उठली होती. वखारीच्या बाजूनं चालायला लागली. तो आमच्या घराचा रस्ता नव्हे.

मी रोटी उचलली. अजून गरम होती.

घरी दुधात कुस्करून एकेक घास भरवला. सिद्धम्मानं सगळी खाल्ली. दुपारी तिला घाम फुटला, दोन लुगडी भिजली. संध्याकाळी नागम्मानं कपाळाला हात लावला आणि रडायलाच लागली. "उतरला गं बाई, उतरला!" मी ओसरीवर बसून ढसाढसा रडलो. आनंदानं रडलो, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

चार दिवसांनी भट्टीवर गेलो. बायकांचा बाक रिकामा होता. दस्तगीरभाईनं स्वतःहूनच सांगितलं, "वो भाभी अब नईं आते. उनके मियाँ..." आणि माझ्या तोंडाकडं बघून तो थांबला. लाकडी फळं उचलून तो भट्टीकडं वळला. मीही त्यानंतर तिथं गेलो नाही.

सिद्धम्मा भिंत धरून बसायला लागली, मग चालायला. बोलायची फारसं नाही. अशक्तपणा आहे, डॉक्टर म्हणाले, थोडा धीर धरा. मी धरला. न्हाण्याच्या दिवशी नागम्मानं तिला न्हाऊ घातलं, वेणी घातली, हिरव्या बांगड्या आणि कुंकवाचा करंडा पुढं ठेवला. तिनं दोन्ही हातांनी हलकेच ते बाजूला सारलं. विभूती तेवढी लावली.

"अगं, असं काय करायलीस?" नागम्मा म्हणाली. "नवरा तुझा जित्ता हाय, ह्यो काय म्होरं बसलाय!"

सिद्धम्मानं वळून बघितलं. मग पदर डोक्यावरून कपाळाच्या खाली ओढला, परका पुरुष बसलेला असावा तसा.

त्या दिवशी तिनं दुखण्यानंतर पहिल्यांदा चूल पेटवली. ज्वारीची भाकरी, वरण. ताट माझ्यापुढं ठेवलं आणि दाराआड जाऊन उभी राहिली. मी घास मोडला. भाकरी तिच्याच हातची होती, कडेला जरा जाड.

"अण्णा," दाराआडून ती म्हणाली, "तुमच्या घरच्या उठल्या का?"

ती उत्तराची वाट बघत होती. तिच्या श्वासाचा आवाज येत होता, शांत, निरोगी माणसाचा.

"उठली," मी म्हणालो.

"बरं झालं," ती म्हणाली. "एकाचं तरी झालं."